नदीपलीकडची तुकडी

शहरातल्या पोरांना रानात चालायला नेणारी माणसं पहिल्या दिवशी पाठीवरच्या सॅककडे बघत नाहीत, बुटांकडे बघतात. बस निघून गेल्यावर ताईनंही त्या सकाळी सहाही पोरांना रस्त्याकडेच्या दगडांवर बसवलं आणि एकेकाचा बूट हातात घेऊन नाडी कुठं सैल आहे, टाच कुठं घासेल, हे अंगठ्यानं दाबून पाहिलं. एकवीस वर्षं ती हे काम करत होती. स्वतःचं मूल नव्हतं, पण पाच दिवसांपुरती का होईना, लोकांची मुलं तिच्या पदरात पडायची, आणि त्या पाच दिवसांत त्यांच्या साध्या शिंकेनंही तिची झोप चाळवायची.

पोरं चौदा-पंधराची. फोन बसमध्येच जमा केले होते, त्यामुळे बोलता बोलता खिशाकडे हात न्यायची आणि रिकामाच परत आणायची. सगळ्यांत मागं राहणाऱ्या लहानखुऱ्या मुलीचं नाव दुपारपर्यंत ‘गोगलगाय’ पडलं, आणि तिनंही ते मनाला लावून घेतलं नाही. ती हळू चालते ती दमते म्हणून नव्हे, तिला सगळं बघायचं असतं म्हणून, असं तिच्या आईनं निघताना ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. स्वयंपाकाची भांडी वाहणारे काका ताईचे जुने सोबती. त्यांना तिनं गोगलगाईच्या मागं चालायला सांगितलं, आणि काकांनी मान डोलावली. हळू चालणारं माणूस त्यांना नेहमीच आवडायचं.

वाट नदीच्या काठानं चढत जाणारी. तिसऱ्या दिवशी ती कड्याच्या पोटातून जायची, एका वेळी एकच पाऊल मावेल इतकी अरुंद, आणि मग खिंड.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आवरताना नदीपलीकडच्या उतारावर आणखी एक तुकडी चालताना दिसली. आपल्यासारखंच कुणीतरी या रानात आहे म्हटल्यावर पोरांना उधाण आलं. त्यांनी हाका मारल्या, टोप्या हलवल्या, पण पलीकडून कुणी वळूनही पाहिलं नाही. काका पातेलं घासत होते. ते मान वर न करता म्हणाले, "त्या अंगाला वाटच नाही. चुकले असतील बिचारे."

ताईनं पक्षी बघायची दुर्बीण डोळ्यांना लावली. आठ माणसं होती. पुढं एक बाई, तिच्यामागं लाल सॅकचा उंच मुलगा, मग निळ्या, करड्या, आणि शेवटून दुसरी, जरा अंतर राखून, पिवळी सॅक. सगळ्यांत मागच्या माणसाच्या पाठीवर पातेलं उन्हात चकाकत होतं. उंच मुलाच्या गुडघ्याला हिरवं फडकं बांधलेलं होतं आणि तो लंगडत होता. ताईनं वळून आपल्या पोरांकडे पाहिलं. उंच मुलगा आपली लाल सॅक पाठीवर चढवत होता. गोगलगाय पिवळ्या सॅकवर बसून मुंग्यांची रांग बघत होती. दुकानं सगळीकडे सारखीच, सॅकही सारख्याच, असं ताईनं मनाशी म्हटलं आणि दुर्बीण गळ्यात सोडून दिली.

दुपारी तीनच्या सुमारास उंच मुलगा शेवाळावरून घसरला. फार काही नव्हतं, गुडघा सोलवटला होता. त्याला तिघी मुलींदेखत रडायचं नव्हतं, म्हणून तो जोरजोरात विनोद सांगत होता. ताईनं जखम धुतली, औषध लावलं आणि हाताशी होता तो आपल्याच गळ्यातला रुमाल त्याच्या गुडघ्याभोवती गुंडाळला. गाठ मारता मारता तिचे हात थांबले. रुमाल हिरवा होता.

"घट्ट होतोय का?" तिनं विचारलं. तो नाही म्हणाला. मग तिनं गाठ मारली, कारण न मारून करणार काय?

त्या दिवशी पुन्हा पलीकडे बघायचं तिनं टाळलं. पण तिसऱ्या दिवशी उजाडताच, चहाचं आधणही ठेवायच्या आधी, ती दुर्बीण घेऊन उठली.

पलीकडची तुकडी चालत नव्हती, एका मोठ्या खडकावर बसून होती. मुलं एकमेकांना बिलगलेली, पातेलंवाला माणूस डोकं धरून बसलेला. ताईनं माणसं मोजली, पुन्हा मोजली, आणि तिसऱ्यांदा बोटांवर मोजली. सात होती. पिवळी सॅक होती, पण कुणाच्या पाठीवर नव्हती. पुढं चालणाऱ्या त्या बाईनं ती मांडीवर घेतली होती आणि एखाद्या तान्ह्या बाळाला थोपटावं तशी ती तिच्यावरून हात फिरवत होती.

ताईनं दुर्बीण खाली घेतली.

तिनं काकांना सांगितलं की आज पुढं जायचं नाही, इथूनच परत फिरायचं. काकांनी आभाळाकडे पाहिलं. ते स्वच्छ होतं. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तंबूचे खुंटे उपटायला घेतले. पोरं मात्र चिडली. खिंड पार करणार असं त्यांनी महिनाभर आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि आता घरी काय तोंड दाखवायचं, असं उंच मुलगा तिला बरंच काही बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, की राग माझ्यावर काढा, पण काढता काढता चालायला लागा.

गोगलगाईला तिनं आपल्यापुढं घेतलं आणि तिच्या सॅकचा पट्टा मुठीत धरला.

"ताई, मी पडणार नाही," थोड्या वेळानं ती मुलगी म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग पट्टा का धरलाय?"

"माझ्यासाठी."

मुलगी हसली आणि पट्टा धरणाऱ्या हातावर तिनं आपला हात ठेवला. तशाच दोघी उतरत राहिल्या. बाकीची पोरं काकांबरोबर पुढं गेली. त्यांचा राग ओसरला असावा, कारण खालून कुणाच्या तरी हसण्याचे आवाज येऊ लागले होते. ताईच्याही जिवात जीव आला.

जिथून पलीकडचा तो मोठा खडक दिसेनासा होतो, तिथं येऊन मुलगी थांबली.

"ती बाई माझ्याकडे बघतेय," ती म्हणाली. "त्यांचं कुणी हरवलंय का?"

"हो."

"मिळेल ना?"

ताईनं नदीपलीकडे पाहिलं. पलीकडची ती बाई खडकावर उभी होती. एवढ्या अंतरावरूनही तिचे वाकलेले खांदे दिसत होते, आणि ते बघून ताईची भीती मागंच पडली.

"तू जरा वेळ या दगडावर उभी राहा," ती म्हणाली. "तिला बघू दे."

मुलगी दगडावर चढली आणि तिनं हात हलवला.

दुर्बिणीतून ताईला दिसलं, की त्या बाईनं पिवळी सॅक जपून खाली ठेवली आणि वाट नसलेल्या त्या उतारावरून झाडंझुडपं धरत ती नदीकडे निघाली. तिला कुणी अडवलं नाही. पाण्यापाशी येऊन ती क्षणभर थांबली, तिनं वर मुलीकडे बघितलं, आणि डावा पाय आधी टाकून तळाचा दगड चाचपत ती आत शिरली, अगदी ताई स्वतः शिरायची तशी.

दगडावरची मुलगी हसून अजून हात हलवत होती.