दिवसा वर आलेला जवळा

बाळांनो, जरा डोळे मिटा. गुडघाभर कोमट समुद्रात तुम्ही उभे आहात. डोक्यावर दुपारचं ऊन आहे, वारा नावालाही नाही. पायांना काहीतरी गुदगुल्या करतंय. खाली बघता तर पाणी गुलाबी! ते पाणी नव्हे, जवळा. नखाएवढे, काचेसारखे लाखो जीव काठाशी दाटून आलेत.

आता डोळे उघडा, कारण लिगायाची आजी ओरडतेय.

"अगं, बघत काय राहिलीस? भर ती बादली!"

आमच्या पांगासिनानच्या किनाऱ्यावर आजीला लोला म्हणतात. लोला इपांगनं जन्मभर एकच काम केलं. जवळा मिठात मुरवायचा आणि त्याचा बागूंग करायचा. तिच्या रांजणातला बागूंग भातावर नसेल, तर आमच्या गावात जेवल्यासारखं वाटत नाही. पण अलीकडे जवळा फार रोडावला होता. तिचे निम्मे रांजण अंगणात पालथे पडून होते. आणि आज, कोळ्यांचा संत सान पेद्रो याची जत्रा तोंडावर असताना, समुद्रानं तो आपणहून काठावर आणून दिला. सगळं गाव पाण्यात उतरलं. कोणी टोपल्या आणल्या, कोणी घमेली.

"सान पेद्रोनंच पाठवला गं!" शेजारची क्लेमेन उशीचा अभ्रा भरत म्हणाली.

"पाठवला खरा," लोला म्हणाली, "पण त्या अभ्र्याला तुझ्या नवऱ्याच्या डोक्याचं तेल लागलंय. तो बागूंग तुमच्याच घरात संपवा हो!"

सगळ्या बायका हसल्या. लिगाया मात्र बादलीत बघत होती.

"लोला, तूच सांगितलंस ना, जवळा रात्री जेवायला वर येतो आणि दिवसा खाली जातो?"

"जातो. उजेडात मासे त्याला टिपतात. म्हणून दिवसा तळघरात लपून बसतो."

"मग आज तळघर सोडून इथे का आलाय? बघ ना, मासे खातायत त्याला."

खरंच, त्या गुलाबी पाण्यात बारके मासे वेड्यासारखे तोंड मारत होते. जवळ्यावर मीठ टाकणारा लोलाचा हात तसाच थांबला. मग तिनं मान वर करून दूर खाडीकडे पाहिलं. तिथे बांबूंच्या ओळी दिसत होत्या. त्या बांबूंना जाळी बांधून लोक बांगुस मासे वाढवतात. त्यातलं एक जाळं तिच्या मुलाचं, म्हणजे लिगायाच्या बाबाचं, मेलचोरचं होतं.

त्या जाळ्यावर घराचं सगळं गणित होतं. मासे नीट वाढले आणि विकले गेले, तर लिगायाची आई नेना घरी राहणार होती. नाहीतर ती हाँगकाँगला जाणार होती, दुसऱ्यांची मुलं सांभाळायला. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

"चल," लोला म्हणाली. "बादली घे. झाकणाच्या त्या दोन टोपल्याही घे."

होडी जाळ्याला लागली, तेव्हा मेलचोर माशांना खाद्य टाकत होता.

"आई, भुकेले झालेत बघ! सकाळपासून वरच तोंडं वासून आहेत. दुप्पट टाकलं तरी खाली जात नाहीत."

"खातायत का?"

मेलचोरनं वाकून पाहिलं. खाद्य पाण्यावर तरंगत होतं, भिजून हळूहळू तळाशी जात होतं.

लोलानं दोन्ही टोपल्यांत जिवंत जवळा घालून झाकणं बांधली. एक टोपली हातभर खोलीवर लटकवली. दुसरीला दगड बांधून ती तळापर्यंत सोडली. मग जपमाळ काढली आणि ओठ हलवत बसली.

"आई, प्रार्थनेची ही वेळ आहे का?"

"घड्याळ आहे माझं हे. गप्प बस."

माळ संपल्यावर तिनं वरची टोपली उघडली. जवळा तव्यावरच्या लाह्यांसारखा उडत होता. मग दोरी ओढून तळाची टोपली काढली. त्यातले एकूण एक जीव पांढुरके होऊन पडले होते. मेलेला जवळा जन्मभर बघत आलेल्या लोलानं, मीठ न लागता मेलेला असा जवळा कधी पाहिला नव्हता.

"लोला, तळघरात काय झालं?" लिगायानं हळूच विचारलं.

"हवा संपलीय गं तिथली."

बाळांनो, पाण्यातही हवा विरघळलेली असते, आणि त्यातल्या प्राणवायूवरच पाण्यातले जीव जगतात. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि ते कुजणं हा प्राणवायू खाऊन टाकतं. वारा असला तर पाणी घुसळलं जातं आणि नवी हवा खाली पोचते. त्या आठवड्यात वारा नव्हता. जवळा खाली राहिला तर गुदमरणार, वर आला तर त्याला मासे खाणार. शिवाय तळाशी पडलेली कितीतरी अंडी अशा पाण्यात फुटतच नाहीत. लोलाचे रांजण पालथे का पडले होते, याचं हेही एक कारण असेल.

"मेलचोर, मासे आजच काढ."

"आई, अजून हाताएवढेही नाहीत! निम्मीही किंमत नाही येणार. नेना जाईल मग."

"आणि सगळे मेले तर?"

तो खाद्याचं पोतं धरून उभा राहिला. मग त्यानं पोतं होडीत टाकलं आणि मदतीला माणसं बोलवायला किनाऱ्याकडे बघून शीळ घातली.

लोला परतली आणि काठावर ओरडली, "टोपल्या ठेवा! जवळा सान पेद्रोनं नाही पाठवला, तो पळून आलाय. मासे काढायला हात हवेत!"

"म्हातारीला ऊन लागलंय," कोणीतरी म्हणालं. क्लेमेननं मात्र अभ्रा रिकामा केला आणि होडीत चढली. तिच्या मागून नेनाही धावत आली. संध्याकाळपर्यंत मेलचोरचं जाळं रिकामं झालं. क्लेमेनच्या घरचंही झालं. बाकीचे म्हणाले, उद्या बघू.

सकाळी बाकीची जाळी पांढरी झाली होती. पोटं वर करून मासे तरंगत होते. लोला "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. ती पाण्यात उतरून शेजाऱ्यांचे मेलेले मासे उचलू लागली.

"आई, आता तू जाणार?" लिगायानं विचारलं.

"जत्रेपर्यंत तरी नाही," नेना म्हणाली.

"आणि मग?"

नेनानं तिच्या केसांतले खवले काढले. "मग बघू."

लिगाया पायरीवरच्या आपल्या बादलीकडे गेली. कालचा थोडा जवळा तिनं लोलाला मिठात घालू दिला नव्हता. आता त्यातला काही मंदावला होता. तिनं लोटा भरला, डोक्याच्याही वर उंच धरला आणि पाण्याची धार बादलीत सोडली. पाणी फेसाळलं. तिनं पुन्हा लोटा भरला, पुन्हा ओतला. खाडीबाहेर लाटा फुटतात तिथे जवळा सोडायला होडी निघेपर्यंत ती तशीच ओतत राहिली.