खाटेवरून खाली घेतलेला माणूस

माझी सून नलू तशी वाईट नाही, पण तिची एक खोड मला सोसत नाही. ती आधी करते आणि मग सांगते. कधीकधी सांगतच नाही. दादरची मुलगी, सात यत्ता शिकलेली. मी दोन यत्ता शिकले, पण घरात मोठं माणूस असलं तर त्याला विचारावं हे मला तेवढ्यात कळलं. तिला सात यत्तांत ते कोणी शिकवलं नाही.

आमचे हे अठ्ठावीस वर्षं गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात. तिथे कापसाचा भुगा इतका उडतो की माणूस घरी येतो तो पीठ दळून आल्यासारखा. तो भुगा ह्यांच्या छातीत बसला. दिवाळीनंतर तर जिना चढताना प्रत्येक पायरीला थांबायला लागले. छातीत कफ साचतो, म्हणून इस्पितळातल्या डॉक्टरने त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे पाठवलं. मी म्हटलं, व्यायाम तालमीतल्या पोरांनी करावा, ज्याला चार पावलांत धाप लागते त्याने नव्हे. मी गेले नाही. नलू घेऊन गेली.

परत आल्यावर तिने मला एवढंच दाखवलं: पोटावर हात ठेवायचा, नाकाने श्वास घ्यायचा, हाताखालचं पोट वर यायला हवं. मग ओठ आवळून हळू सोडायचा, समोरच्या दिव्याची ज्योत हलेल पण विझणार नाही असा. हे मला चाललं. बाईने आणखी काही शिकवलं होतं, ते नलूने गिळलं.

पंधरा दिवसांत ह्यांना झोप लागायला लागली. मी रोज अडुळशाचा काढा देत होतेच. अख्ख्या मजल्याला सांगितलं, काढ्याचा गुण. शेजारच्या राधाबाईला नेऊन पानंसुद्धा दिली. नलू भांडी घासत होती, तिने मान वर केली नाही.

मग तो जानेवारी आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. गोळीबार झाले, संचारबंदी लागली, माझा मुलगा दत्ताराम माझगावच्या गोदीत अडकला. खाली रस्त्यावर अश्रुधूर सोडला तो जिन्याने आमच्या खोलीत आला. धडधाकट माणसं खोकून रडली, तिथे ह्यांचं काय विचारता. दोन दिवस छातीत नुसती घरघर, कफ सुटेना. इस्पितळ दहा मिनिटांवर, पण वाटेत बंदुका.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन तास संचारबंदी उठवली. मी पिशवी घेऊन तांदूळ आणायला पळाले. येऊन दारात पाऊल टाकते तर खाट रिकामी.

हे खाली होते. जमिनीवर, चटईवर, पालथे. कमरेखाली काहीतरी कोंबलेलं, डोकं खाली, डोळे मिटलेले. आमच्यात माणसाचं आटपत आलं की जीव खाटेवर जाऊ नये म्हणून त्याला खाली घेतात. माझ्या सासूला घेतलं होतं, सासऱ्याला घेतलं होतं. ते मी ह्याच डोळ्यांनी पाहिलेलं.

पिशवी कधी सुटली मला माहीत नाही. तांदूळ उंबऱ्यावर सांडले. अशी वेळ आली तर मी चाळ डोक्यावर घेईन असं मला नेहमी वाटायचं. तोंडातून हवासुद्धा निघाली नाही. मनात एकच, मी घरात नसताना गेले, आणि तोंडात गंगेचं पाणी नाही.

देव्हाऱ्यात काशीचा गंगेचा गडू होता, डाख लावून बंद केलेला. अडकित्त्याने डाख फोडला. ह्यांना उताणं केलं, अंग गरम लागलं, तरी मला उमजलं नाही. जबडा धरून पाणी ओतलं. थेंब नाही, ओतलं.

ह्यांचे डोळे सताड उघडले. श्वास आत जायचा तो गेला नाही. चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. हात माझ्या पदरात गुंतला आणि मी तशीच गडू धरून बसलेली.

दारात राधाबाई आली. तिने रिकामी खाट पाहिली, गडू पाहिला आणि गॅलरीत गळा काढला. पुरुष जमले. संचारबंदीत मयताला चौकीवरून पास लागतो, तो आणायला कोण जाणार, ह्यावर बोलणंही सुरू झालं.

नलू मोरीवरून घमेलं घेऊन येत होती. तिने मला खांद्याने ढकललं. सासूला. मी भिंतीवर आपटले. तिने ह्यांना पुन्हा पालथं करून उशांवर ओढलं, डोकं खाली केलं, आणि हात ओंजळीसारखा पोकळ करून पाठीवर मारायला लागली. धपधप, धपधप. सुनेचा हात सासऱ्याच्या उघड्या पाठीवर, आणि बाहेर अख्खा मजला बघतोय. आधी पाणी आलं. मग कफ, हिरवा, चिकट, घमेल्याचा तळ झाकेल इतका. मग श्वास.

बऱ्याच वेळाने हे माझ्याकडे वळले. आवाज फाटका. "अगो, मी जिवंत आसंय. तुका कसली घाई झाली?"

बाहेर कोणीतरी हसलं.

मग सगळं कळलं. पालथं घालून, डोकं खाली ठेवून कफ गळ्याशी येऊ द्यायचा, पाठ थोपटून सुटा करायचा, हे त्या बाईने शिकवलेलं. मी बाजारात गेले की रोज दोघं हेच करत; संचारबंदीत मी दोन दिवस घरातच, म्हणून ते राहिलं होतं. आज त्यांना तसंच पडून राहायला सांगून नलू घमेलं धुवायला गेली होती. ह्यांनाही सगळं ठाऊक. म्हणजे पंधरा दिवसांत झोप लागली ती माझ्या काढ्याने नव्हतीच.

नलू कोपऱ्यात उभी राहिली, पदर डोक्यावर ओढून. आता सासू काय बोलणार, म्हणून सगळी गॅलरी कान लावून. मी गॅलरीलाही ऐकू जाईल असं बोलले.

"नलू, मी आज ह्यांना मारत होते, तू ढकललंस ते बरं केलंस. पण माझ्या पाठीमागे केलंस ते वाईट केलंस. का केलंस ते मला ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही. आता संध्याकाळी ह्यांना पालथं घालशील तेव्हा दार सताड उघडं ठेव, आणि तो हात पोकळ कसा करायचा ते मला दाखव."