गल्ल्याजवळचं घड्याळ

चिनी मातीच्या भांड्यांचा आमचा कारखाना बंद पडल्यापासून मी बेकारभत्त्यावर आहे, आणि जोडीला लीबशरबाईंच्या बेकरीत थोडा वेळ काम करते. आठवड्याचे पंधरा तास भरले की सरकारदरबारी मी बेकार उरत नाही आणि भत्ता बंद होतो. म्हणून शनिवारी शेवटच्या तासाला लीबशरबाई अंडी उकडायचं घड्याळ गल्ल्याजवळ लावून ठेवतात. ते वाजलं की हातातलं काम तसंच टाकायचं, असं आमचं ठरलेलं.

नाताळाआधीच्या शनिवारी ते वाजलं, तेव्हा रांग पार दाराबाहेर गेली होती. मी अ‍ॅप्रनची गाठ सोडली.

"अहो हायड्रुनबाई, माझा श्टोलन केक तेवढा बांधून द्या आणि मग जा की!" रांगेतल्या पहिल्याच बाई म्हणाल्या.

बघते तर रोजगार कचेरीतल्या श्टेफानबाई! माझी फाइल यांच्याचकडे. पंधरा तासांचा नियम मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला तोही यांनीच, जशी काही मी बहिरीच आहे.

"माझी वेळ संपली," मी म्हटलं. "आता लीबशरबाई देतील. त्या भट्टीतला माल काढून येतायत."

"एक केक बांधलात तर काय आभाळ कोसळणार आहे? इथे कोण बघतंय?"

मी अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला.

"तुम्ही, बाई. बघायचा पगार तुम्हालाच तर मिळतो."