नत्थुजींचा एक पाय बेल्जियमात

मी नत्थुजींची काठी बोलतेय. जन्म सेमाडोहच्या बांबूच्या बेटातला, सारा संसार अकोल्याजवळच्या काळ्या मातीत. मुक्काम मात्र सध्या हॉलंडात आहे. कसा, ते सांगते.

नत्थुजींचा मुलगा गजेंद्र इथं नोकरीला. त्यानं आईबापांना बोलावलं. नत्थुजींना व्हिसा मिळाला, सुभद्राबाईंना नाही. शेत नत्थुजींच्या नावावर, बाईंच्या नावावर काहीच नाही. मग त्या परत येतील याचा भरवसा काय, असं व्हिसा देणाऱ्या साहेबांना वाटलं.

"दोन म्हशी हायेत घरी! त्यायले सोडून मी तिकडं राहीन काय?" बाई कडाडल्या. पण साहेब दूर होते.

शेवटी आम्ही दोघंच निघालो. विमानतळावर माझी अशी तपासणी झाली, की मलाच माझा संशय आला.

गजेंद्रच्या इथल्या गावातून हॉलंड आणि बेल्जियम या दोन देशांची सीमा जाते. सीमा म्हणजे काय, तर रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या फुल्या. पहिल्याच सकाळी नत्थुजी एकटे फिरायला निघाले, फुल्यांपलीकडे पाऊल टाकलं आणि त्यांना आठवलं, पासपोर्ट घरीच राहिला! एक पाय हॉलंडात, एक बेल्जियमात, मधोमध मी. हलायची सोय नाही. त्यांच्या घामानं माझी मूठ ओली झाली.

गजेंद्र शोधत आला. "बाबा, असे काहून उभे?"

"पोलीस आला तं सांग, बुढा चुकून घुसला म्हून."

"इथं कोणी इचारत नाही, बाबा. ती बाई पाहा, पाव आनाले चालली बेल्जियमात."

ती बाई सायकलवरून हात हलवत फुल्या ओलांडून गेली. टोपलीत कुत्रं होतं, त्यालाही कोणी हटकलं नाही.

नत्थुजी पोट धरून हसले. मग एकदम थांबले.

"कुत्र्याले मोकळीक हाय," ते म्हणाले, "अन् तुह्या मायले पोराचं घर पाहाता येत नाही."

गजेंद्रनं आईला व्हिडिओ कॉल लावला. नत्थुजींनी पाय दाखवले. "पाह्य, दोन देशांत उभा हावो मी!"

"अवो, इतकी जागा काहून अडवता?" बाई म्हणाल्या. "एका देशात उभे राहा, दुसरा माह्यासाठी ठेवा!"

गावी परत जाताना नत्थुजींनी मला गजेंद्रच्या दाराशी टेकवलं. "राहू दे इथंच. तिचे गुडघे दुखतात. आली का लागन तिले."

अर्ज पुन्हा गेलाय म्हणतात. साहेब, जरा मनावर घ्या. बाई आल्याशिवाय मलाही घरी जाता यायचं नाही.