चार दगड कमी

मी एक जुना दगडी कठडा आहे. समुद्रात घुसलेल्या एका भूशिराच्या टोकावर, समुद्राकडे तोंड करून उभा. माझ्या पाठीशी दीपगृह आहे म्हणतात. मी ते कधीच पाहिलेलं नाही. भिंतीला मान वळवता येत नाही, मित्रांनो.

गवंड्याने मला इथल्याच काळ्या दगडातून घडवलं. काम संपवून तो हात धुतोय, तोच खालून, होडीतून, एका म्हाताऱ्या होडीवाल्याने हाळी दिली, "मधला दगड काढ!" त्याने काढला. "अजून!" चौथ्या दगडाला गवंडी वैतागला. "अहो आजोबा, भिंत बांधायला बोलावलंत की पाडायला?"

पण त्या चार दगडांच्या खाचेतच माझं सगळं आयुष्य गेलं. खाली खडकच खडक आहेत आणि त्यांतून बंदरात शिरायला वाट एकच. होडीतून पाहताना दीपगृहाचा मनोरा माझ्या खाचेच्या बरोबर मधोमध आला, की समजायचं, आपण वाटेवर आहोत. दीपगृहाचा राखणदार दरवर्षी खाचेच्या कडांना चुना लावायचा आणि म्हणायचा, "दात पडला तरी हसतोय बघा आमचा कठडा!" मला तेव्हा फार बरं वाटायचं.

पुढे दिवा आपोआप लागू लागला आणि राखणदार निघून गेला. चुना उडाला. लोक माझ्यावर खिळ्याने नावं कोरू लागले. खाऱ्या वाऱ्याने सांधे ढिले झाले. तरी होड्या येत होत्या, म्हणून मी उभा होतो.

मग एक दिवस मागे खुंट्या ठोकल्याचे आवाज आले. माझ्या आणि दीपगृहाच्या मध्ये तीन मजली हॉटेल बांधायचं ठरत होतं. हॉटेलवाल्यांचा इंजिनिअर माझ्यावर हात फिरवून म्हणाला, "कठडा ढासळलाय. आधी हा दुरुस्त करून टाकू, लोकही खूश होतील." दुपारपर्यंत माझी खाच दगड-सिमेंटने बुजली. सगळ्यांनी कौतुक केलं. खोटं कशाला बोलू? मीही थोडा सुखावलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण आई रोजच्यासारखी लेकीला कडेवर घेऊन माझ्यापाशी आली. तिच्या बाबांची, म्हणजे लेकीच्या आजोबांची, होडी दिसली की दोघी हात हलवायच्या. होडी आली, थबकली, वळली, पुन्हा आली. ती खाच शोधत होती. पोरगी टाळ्या पिटत म्हणाली, "आजोबा गोल गोल!" आई मात्र हसली नाही. तिची बोटं माझ्या दगडांत रुतली. मग खडकावर लाकूड फुटल्याचा आवाज आला.

आजोबांना इतर होडीवाल्यांनी वाचवलं. हात मोडला. होडी गेली.

त्यानंतरच्या सकाळी ती आई छिन्नी-हातोडा घेऊन आली. इंजिनिअर धावत आला. "अहो ताई, काय करताय? आम्ही दुरुस्ती केलीये!"

"दुरुस्ती? साहेब, तुम्ही दार बुजवलंत."

"म्हणजे?"

तिच्या मागून, हात गळ्यात बांधून आलेले आजोबा म्हणाले, "पोरी, त्यांना ओरडू नकोस. साहेब, बोट लागत नसेल तर चला होडीतून. तिथूनच कळेल."

पुतण्याच्या होडीतून ते त्याला घेऊन गेले. तास-दीड तासाने तो परतला तेव्हा त्याचा आवाज पार खाली गेला होता. "मला वाटलं, मोडलंय," तो म्हणाला. "विचारायचं सुचलंच नाही." मग तिच्या हातातून हातोडा घेऊन उरलेलं सिमेंट त्यानेच फोडलं.

आता खाच मोकळी आहे. पण मागच्या खुंट्या निघालेल्या नाहीत. हॉटेल व्हायचं की नाही, याचा निर्णय अजून व्हायचाय. इंजिनिअरने नको म्हणून लिहून दिलंय, पण एकट्या माणसाचं कोण ऐकतं? मध्ये तीन मजले उभे राहिले, तर माझ्या खाचेतून नुसत्या खिडक्या दिसतील. खिडक्या बघून कुणी घरी पोचत नाही.

मी आता थकलोय, मित्रांनो. ती आई रोज येते, एका हाताने लेकीला घट्ट धरते आणि होड्या मोजते. होड्या सरळ आत शिरल्या, की मला कळतं, मागे अजून दीपगृह दिसतंय. समोरचा समुद्र मी सांभाळेन. माझ्या पाठीमागे काय उभं राहतंय, तेवढं मात्र तुम्ही बघा. मला मान वळवता येत नाही.