प्रल्हादचं अभद्र बोलणं

प्रल्हादने चिमट्याने कणीस उलटं केलं, भाजलेल्या बाजूवरून लिंबाची फोड फिरवली आणि ग्रिलचं झाकण पुन्हा लावून टाकलं. शैलेंद्र त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता. कणसांकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"बोल की आता," शैलेंद्र म्हणाला. "दरवर्षी एव्हाना आपण हरून मोकळे झालेलो असतो."

"कणसं होऊ देत रे."

"कणसं होतील. तू आधी बोल."

रत्ना चटणीची वाटी घेऊन डेकच्या दारात आली होती, ती तिथेच थांबली. नवऱ्याच्या पाठीकडे पाहून तिने ओळखलं की स्वारी आज चुकवाचुकवी करते आहे.

ह्यूरन स्टेट युनिव्हर्सिटीचा अमेरिकन फुटबॉलचा सीझन ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सुरू व्हायचा आणि आदल्या संध्याकाळी मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या या डेकवर टीमची कुंडली मांडली जायची. प्रल्हाद आणि शैलेंद्र दोघे स्टेटमध्ये एमएस करायला आलेले, तेव्हाचे रूममेट. नंतर नोकऱ्या बदलल्या, घरं बदलली, डोक्यावरचे केस गेले, पण स्टेटचा तांबडा टीशर्ट काही सुटला नाही. दोघांनी खेळाडूंचा यथेच्छ कीस पाडायचा आणि सगळ्यात शेवटी प्रल्हादने सुतकी चेहरा करून म्हणायचं, "उद्या आपण हरणार." मग टाळ्या वाजवायच्या आणि निर्धास्त होऊन जेवायला बसायचं, असा रिवाज होता.

कारण प्रल्हादला जे मनापासून हवं असे, ते होणार नाही असंच तो बोलून दाखवी. चांगलं बोललं की दृष्ट लागते, हे त्याच्या आईने अमरावतीला असताना त्याच्या डोक्यात भरवलं होतं आणि इंजिनिअरिंगच्या दोन पदव्यांनी ते काही निघालं नाही. रत्नाच्या माहेरचं शास्त्र नेमकं उलटं. वास्तू तथास्तु म्हणत असते, तेव्हा घरात अभद्र बोलू नये. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिने या पायी डोकं आपटून घेतलं. "मिशिगनच्या वास्तूला कुठलं आलंय मराठी!" म्हणून तो हसण्यावारी न्यायचा. मग एकदा तिचं मोठं ऑपरेशन झालं. स्ट्रेचरबरोबर चालत चालत तो तिला म्हणाला, "तू काही आता घरी परत येत नाहीस." हे म्हणताना त्याचे हात इतके कापत होते की नर्सने त्यालाच आधी खुर्चीत बसवलं. त्या दिवसापासून रत्नाने वाद घालणं सोडून दिलं.

"पण काका, हरायचा प्रश्नच कुठे येतो?" यतीनने फोनमधून मान वर काढली. यतीन मागच्या वर्षीच पुण्याहून आलेला, प्रल्हादच्या हाताखाली काम करणारा मुलगा. फुटबॉल कळायला लागून त्याला एकच सीझन झाला होता, त्यामुळे नव्याची नवलाई अंगात होती. "तीस पॉइंट्सनी फेव्हरिट आहोत आपण. तीस! आपला क्वार्टरबॅक काय फॉर्मात आहे यार. डिफेन्स तर भिंत आहे. आणि समोर कोण, तर कॅल्डर! असलं छोटं कॉलेज पहिल्या गेमला मुद्दाम बोलवतात, वॉर्म-अप म्हणून."

"लग्नाआधीचं केळवण," शैलेंद्र म्हणाला. "खायचं आणि निघायचं."

"एक्झॅक्टली. त्यांच्याकडे आहे काय? एक किकर बरा आहे म्हणतात, तोही फ्रेशमन, पहिल्या वर्षाचा. किकर एकटा काय करणार?"

"डाव्या पायाने मारतो तो," प्रल्हाद ग्रिलकडे बघतच म्हणाला. "जवळून चुकत नाही. लांबून मारायची झाली की मात्र घाई करतो."

शैलेंद्रने भुवया उंचावल्या. "कॅल्डरच्या किकरचं तुला रे काय माहीत?"

प्रल्हादने झाकण उघडलं. धुराचा लोट आला आणि उत्तर द्यायचं राहून गेलं.

रत्नाला माहीत होतं. गेले कित्येक दिवस सकाळचा चहा घेऊन तो टॅबलेटसमोर बसे आणि कॅल्डरच्या सरावाचे व्हिडिओ पाही. ती खोलीत आली की चटकन हवामान लावी. त्या व्हिडिओंमध्ये एक किडकिडीत पोरगा दोन पिवळ्या खांबांमधून चेंडू मारत असे, आणि त्याच्या मागे हिरवी टोपी घातलेली एक मुलगी हाताची घडी घालून उभी असे. रत्नाला ती घडी लांबूनही ओळखू आली असती. सासूबाई तश्शाच उभ्या राहायच्या.

"आश्लेषा येतेय," रत्नाने आता सांगून टाकलं. "त्यांची टीम इथल्याच हॉटेलात उतरलीय. मीटिंगच्या आधी तासभर सुट्टी मिळालीय तिला."

चिमटा हवेत क्षणभर थांबला, मग कणसावर टेकला.

"म्हणजे?" यतीन गोंधळला. "आश्लेषा... तुमची आश्लेषा? ती कॅल्डरला आहे?"

"किकर्सना शिकवते," रत्ना म्हणाली. "असिस्टंट कोच."

यतीनने जीभ चावली. "सॉरी काकू. मी केळवण म्हणालो नव्हतो हां, ते शैलेंद्रकाका म्हणाले."

रत्ना हसली, पण तिचं मन मार्चमधल्या त्या रविवारी जाऊन पोचलं होतं. आश्लेषाने जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं की तिने नोकरी सोडली. स्टेटची इंजिनिअर, डेट्रॉइटला गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारी, दृष्ट लागावी अशी नोकरी. आता ती ओहायोतल्या कुठल्याशा कॉलेजात पोरांना चेंडू कसा लाथाडायचा ते शिकवणार होती. शाळेत असताना ती सॉकर फार सुंदर खेळायची हे खरं, पण म्हणून कोणी करिअर सोडतं? प्रल्हादने घास गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "छान. उत्तम होईल तुझं."

दुसऱ्या कुणा मुलीने हा आशीर्वाद मानला असता. पण आश्लेषाला लहानपणापासून काय ऐकायची सवय! ड्रायव्हिंग टेस्टला निघाली तर, "नापास होणार तू." स्टेटला अर्ज केला तर, "तुला कोण घेतंय तिथे?" आणि ती खिदळत गाडीत बसायची, कारण बाबा असं बोलला म्हणजे काम फत्ते. त्या रविवारी मात्र ती ताटावरून मुकाट्याने उठली. नंतर फोनवर आईजवळ रडली.

"He said it'll go great, आई. ज्याची त्याला पर्वा असते ना, त्याच्याबद्दल he never says that."

रत्नाने समजूत काढली. तसं काही नसतं गं, बाबा आता म्हातारा झाला, वगैरे. पण पोरगी बरोबर बोलत होती. प्रल्हादने अंग काढून घेतलं होतं. तेव्हापासून बापलेक फोनवर फक्त हवापाण्याचं बोलत, आणि रत्ना मधल्यामधे झुरत होती. आजचा तासही असाच गेला, तर ही मुलगी दिवाळीलाही घरी यायची नाही, अशी तिला धास्ती होती.

ड्राइव्ह-वेवर गाडीचं दार वाजलं. घराला वळसा घालून आश्लेषा डेकवर आली, हिरवा पोलो शर्ट, गळ्यात शिट्टी. चेहरा उन्हाने रापला होता आणि चांगली तब्येत झाली होती. रत्नाने तिला पोटाशी धरलं.

"या या!" शैलेंद्र म्हणाला. "वहिनी, शत्रूपक्षाला कणीस द्यायचं का?"

"देऊन टाक काका," आश्लेषा म्हणाली. "उपाशी शत्रू जास्त डेंजरस असतो."

यतीन मोठ्याने हसला आणि सुटल्यासारखा वाटला. प्रल्हादने एक कणीस प्लेटमध्ये ठेवून तिच्यापुढे केलं.

"कसा आहेस बाबा?"

"बरा. ट्रॅफिक होता?"

"नव्हता."

"उद्या पाऊस नाहीये म्हणतात."

"Yeah. थोडा वारा असेल."

झालं. रत्नाने वाटी टेबलावर जरा जोरातच आदळली. कोणाचं लक्ष गेलं नाही.

आश्लेषा कठड्याला टेकून कणीस खाऊ लागली. शैलेंद्रला गप्प बसवेना. त्याने तिला लहानपणी खांद्यावर बसवून स्टेडियममध्ये नेलं होतं, तेव्हा छेडायचा हक्क त्याचाच होता.

"मग कोच, उद्या किती मार खाणार?"

"वुई आर रेडी, काका. टचडाउनचं मला माहीत नाही, ते माझं डिपार्टमेंट नाही. पण आमचा किकर सॉलिड आहे. यू विल सी."

"लांबून मारताना घाई करतो म्हणे."

ती खाता खाता थांबली. "Who told you that?"

शैलेंद्रने हातातल्या कणसानेच प्रल्हादकडे खूण केली.

"पाऊल लवकर पडतं त्याचं," प्रल्हाद मीठ चोळता चोळता म्हणाला. ज्या कणसाला मीठ लावून झालं होतं, त्यालाच तो पुन्हा मीठ लावत होता.

"पडायचं," आश्लेषा म्हणाली. "जुलैमध्ये फिक्स केलं आम्ही."

"हं. बघितलं मी. एक पाऊल मागून सुरू करायला लावलंस त्याला."

"You watched?"

"व्हिडिओ येतात. समोर आला की बघतो माणूस."

आश्लेषाने आईकडे पाहिलं. रत्नाने नजर फिरवून रुमाल शोधायला घेतला. असे व्हिडिओ आपोआप समोर येत नसतात, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण प्रल्हादने पुढचं कणीस उचललं, आणि आश्लेषा आपलं कणीस खायला लागली. बापाचा हट्ट आणि लेकीचा हट्ट एकाच कापडातून बेतलेले होते.

शैलेंद्र आणि यतीन पुन्हा स्टेटच्या बचावफळीत शिरले. दोघांचंही एकमत होतं की हाफ टाइमपर्यंतच निकाल लागलेला असेल. आश्लेषा ऐकत होती, मधून एखादी गोष्ट हसून खोडून काढत होती. दुसरं कणीस संपलं तसं तिने घड्याळ पाहिलं.

"निघते मी. मीटिंग आहे."

"थांब, थांब," शैलेंद्र म्हणाला. "ऐकून जा. प्रल्हाद, आता मात्र बोल बाबा. लेकीसमोर लाजतोस काय? उद्या आपलं काय होणार?"

प्रल्हादने ग्रिलची आच बंद केली. हात पुसले.

"जिंकणार," तो म्हणाला.

शैलेंद्रचे टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. "काय?"

"जिंकणार आपण. दणदणीत. तीस काय, चाळीसने."

"अरे, काय बोलतोयस तू! शब्द मागे घे. यतीन, याला काहीतरी झालंय."

"बरोबरच आहे की," यतीन म्हणाला. "डेटा पण तेच सांगतोय."

आश्लेषा पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. तिने मान वळवली नाही. प्रल्हाद तिच्याकडे दोन पावलं चालत गेला आणि थांबला.

"आणि ऐक. तुझा तो पोरगा उद्या एकही किक आत घालत नाही. एकही नाही."

ती हळूहळू वळली.

"कॅल्डरचा धुव्वा उडणार आहे. लोक हसतील तुम्हाला." तो आणखी एक पाऊल पुढे आला. "आणि तू... या धंद्यात तुझं काहीही व्हायचं नाही. वर्षभरही टिकायची नाहीस. गाशा गुंडाळून घरी येशील, बघ."

"काका!" यतीन उठूनच उभा राहिला.

रत्नाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं.

आश्लेषाने मनगटाने डोळे पुसले, आणि डोळ्यांत मिरची गेली असावी, कारण मग दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या.

"Promise?" तिने विचारलं.

"शंभर टक्के," प्रल्हाद म्हणाला. "तुझ्यासारखी कोच माझ्या पाहण्यात नाही. इतकी वाईट."

मग ती हसायला लागली, रडता रडताच, आणि येऊन त्याच्या गळ्यात पडली. तांबड्या टीशर्टवर तिच्या हाताचं मीठ-तिखट लागलं. तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला आणि पुटपुटत राहिला. रत्नाला सगळे शब्द ऐकू आले नाहीत, पण जे आले ते इतके अभद्र होते की तिचा जीव भांड्यात पडला.

दोघं बोलत बोलतच गाडीकडे गेली. पाऊल, वारा, खांबांपासूनचं अंतर, असलं काही काही. डेकवर तिघेच उरले. यतीन एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत होता. शैलेंद्र खुर्चीत मटकन बसला.

"गेली मॅच," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत आपण हरणार असं मला आज पहिल्यांदा खरोखर वाटायला लागलंय. वहिनी, आता तुम्हीच काहीतरी करा. स्टेटसाठी दोन वाईट शब्द तुम्ही तरी बोला."

रत्नाने त्याच्या प्लेटमध्ये गरम कणीस ठेवलं आणि ती गोड हसून म्हणाली,

"अहो भावजी, काळजी कशाला करता? स्टेट आरामात जिंकणार उद्या."