बाबा पोळ्या करतात

आपण रोज घरी पोळ्या करतो, ही बातमी शिरीषला केनियातून कळली.

फोन गार्गीचा होता. पोरगी युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला. डिसेंबरच्या सुट्टीत ग्रुपबरोबर किसुमूच्या पुढच्या कुठल्याशा खेड्यात गेली होती, शाळेला पावसाच्या पाण्याची टाकी बांधून द्यायला. आता टाकी बांधायला गेलात ना, मग टाकी बांधा आणि मुकाट्याने परत या! पण नाही. टाकी उभी राहिल्यावर या मंडळींनी गावाला शहाणं करायला घेतलं. कोणी हात धुण्यावर बोललं, कोणी मुलींच्या शाळेवर, आणि गार्गीबाईंनी विषय घेतला, घरकामात पुरुषांचा वाटा.

"बाबा, सगळे पुरुष हसायलाच लागले! म्हणे चपात्या काय पुरुष करतात? मला इतका राग आला ना! मी म्हटलं, माझे बाबा रोज करतात."

सोफ्यावर पसरलेला शिरीष ताडकन उठून बसला. "कोण करतात?"

"तू."

तिकडे चपाती म्हणजे सणासुदीचं खाणं. त्यामुळे घरी रोज चपात्या लाटणारा इंडियन बाप ऐकून बायका हरखल्या आणि पुरुष म्हणाले, थापा आहेत. गार्गी जिच्या घरी उतरली होती त्या मामा अच्येंगने निकाल दिला. त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात. तर मामा म्हणाली, रविवारी चर्च सुटलं की तुझ्या बाबांना फोनवर दाखव, चपात्या लाटताना. अख्ख्या गावासमोर.

"बाबा, प्लीज ना! मी खोटी ठरले तर इथे आमच्यापैकी कोणाचंच कोणी ऐकणार नाही. आणि त्या बायकांची किती थट्टा होईल!"

त्या दिवशी गुरुवार होता.

नीलिमा नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून, तिथल्या अकाउंट्समधून, नुकतीच दमून आली होती आणि ओट्यापाशी उभी राहून पोळ्याच लाटत होती. ती इतकी हसली, इतकी हसली की तिला लाटणं खाली ठेवावं लागलं. "घ्या! करा आता!"

"त्यात काय एवढं?" शिरीष म्हणाला. "अख्ख्या बँकेची सिस्टीम बदलतो मी. पोळी काय चीज आहे?"

शुक्रवारी कळलं काय चीज आहे ते. पाणी जास्त झालं म्हणून पीठ घातलं, पीठ जास्त झालं म्हणून पाणी, असं करता करता परातीत सगळ्या बिल्डिंगला पुरेल एवढी कणीक झाली. "लग्न आहे का कुणाचं?" नीलिमाने विचारलं. शनिवारी पोळी पोळपाटाला जी चिकटली, ती सुरीने खरवडून काढावी लागली. "अरे, लाटतोयस की इस्त्री करतोयस? कडेला जोर दे, कडेला!" संध्याकाळपर्यंत त्याच्या कमरेची पार वाट लागली.

"हे तू रोज उभ्याने करतेस?" त्याने कण्हत विचारलं.

"नाही, लोळत करते."

इतक्या वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं त्याने!

रविवारी संध्याकाळी सातला डाळीच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर झाडाखाली डोकीच डोकी. पुढच्या रांगेत पुरुष, हाताची घडी घालून बसलेले. शिरीष इस्त्रीचा कुर्ता घालून आलेला. त्याने गोळा घेतला. पहिली पोळी फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली ती दुमडलीच. तिसरी मात्र एका बाजूने टम्म फुगली, तेव्हा तो "फुगली, फुगली!" असा ओरडला, की विचारू नका. स्वतःचं बाळ चालायला लागल्यावरसुद्धा माणूस इतकं ओरडत नाही.

तिथेच घात झाला.

मामा अच्येंग फोनच्या इतकी जवळ आली की पडद्यावर नुसतं नाकच दिसू लागलं. "हे रोज करतात?" ती इंग्रजीत म्हणाली. "मग एवढा आनंद कसला झाला त्यांना?"

पुरुषांनी एकच कल्ला केला. गार्गीचा चेहरा एवढासा झाला. आपल्यामुळे पोरगी चारचौघांत खोटी पडली, हे शिरीषला अगदी सहन होईना.

"आईला बोलवा," मामा म्हणाली. "आई खरं सांगेल."

नीलिमा हात पुसत पुढे आली. शिरीषने डोळ्यांनी हातापाया पडून घेतलं. हो म्हण, नुसतं हो म्हण! नीलिमाने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या तीन पोळ्यांकडे.

"आजपर्यंत कधी केल्या नाहीत," ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. शिरीषने डोळे मिटले. "पण आजपासून रोज करणार आहेत."

मग तिकडच्या बायकांनी जो जल्लोष केला, तो ऐकून शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. गार्गी हसत, रडत सगळ्यांना सांगत होती, की हो, मी खोटं बोलले, सॉरी, माझं चुकलं. पण तिकडे लक्ष कोणाचं? मामा अच्येंग पुढच्या रांगेतल्या एका जाडजूड गृहस्थांसमोर, म्हणजे आपल्या नवऱ्यासमोर, उभी राहिली होती. "या माणसाने तीन दिवसांत शिकून दाखवलं. पुढच्या रविवारी तोही करील आणि तूही. दोघांच्या बघू." गृहस्थांच्या हाताची घडी आपोआप सुटली.

फोन बंद झाला. "सुटलो बुवा!" म्हणत शिरीषने गॅसकडे हात नेला.

"बंद कशाला करतोस?" नीलिमा ताट घेऊन टेबलाशी बसली होती. "अजून मी जेवायचीय."

त्याने आणखी एक पोळी भाजून तिच्या ताटात टाकली. तिने वाफेने बोटं भाजत घास तोडला, खाल्ला, आणि पोळी उलटून कडा पाहिल्या.

"कच्ची आहे का गं?" त्याने घाबरत विचारलं.

"कडा कच्च्याच आहेत," ती म्हणाली. "पण लग्न झाल्यापासून बसल्या जागी गरम पोळी कोणी वाढली नव्हती रे मला."

शिरीषला एकदम कसंतरीच झालं. त्याने पुढचा गोळा पोळपाटावर घेतला.

"कडेला जोर दे," नीलिमा म्हणाली.